ऐरणीपाशी सहा दिवस

पहिला दिवस : नागपूर, जुनापाणी

मोटरसायकलच्या मागे बांधलेल्या पोत्यात सतरा झिजलेल्या कानशी, लकडगंजातल्या एका आरा मशीनवाल्यानं दिलेलं तुटक्या पट्ट्याचं वेटोळं, जोड धरायला अर्धा किलो सवागी, म्हणजे बोरॅक्स, आणि पोलादावरच्या रेघा उठवायला सीताबर्डीवरून घेतलेली फेरिक क्लोराइडची बाटली. एवढं सामान घेऊन मी वणीकडे निघालो होतो. तिथं एका गावात साठीचे एक खाती आहेत. आमच्याकडे लोहाराला खातीच म्हणतात. मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्या हातचे विळे मी तीन वर्षं विकतोय. या वेळी त्यांच्या ऐरणीवर थरांच्या पोलादाची, ज्याला सगळे दमास्कस म्हणतात त्याची, सुरी घडवायची होती.

हाताने घडवलेल्या सुऱ्या गोळा करणं हा माझा जुना नाद, विकणं नंतर आलं. पाच वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडून बारा ‘दमास्कस’ सुऱ्या आणल्या. पात्यावर लाटांची सुंदर नक्षी होती. सगळ्या खपल्या. दोन महिन्यांनी अमरावतीच्या एका गिऱ्हाईकताईंचा फोन आला, “दादा, धार लावली तर रेघाच गेल्या.” मी माझ्याजवळच्या सुरीवर पॉलिश पेपर घासला. खाली साधं, कोरं पोलाद. नक्षी नुसती वरवर उमटवलेली होती. बाराही जणांचे पैसे परत केले. व्यापाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून ठरवलं, घडताना पाहिल्याशिवाय एकही सुरी दमास्कस म्हणून विकायची नाही.

वणीला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. म्हणून दुपारी काटोल रोडनं जुनापाणीला गेलो. महापाषाण काळातल्या दफनांवर मांडलेली मोठमोठ्या धोंड्यांची ती वर्तुळं मी लहानपणापासून पाहतोय. अशी तीनेकशे वर्तुळं या माळावर आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं यातली काही खोदली तेव्हा आतून लोखंडी हत्यारं निघाली. नागपूरच्या आसपास माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड असा हा सगळा पट्टाच महापाषाण काळातल्या लोखंडाचा आहे. पेंच नदीच्या काठी नायकुंडला तर इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराची लोखंड गाळायची भट्टी सापडली. ज्या मातीत पावणेतीन हजार वर्षांपूर्वी लोखंड गाळलं गेलं, त्या मातीतल्या माणसाला ‘दमास्कस आम्हाला नाही जमायचं’ असं वाटावं, हे मला सहन होत नाही. काकांनी मागच्या खेपेला फोनवर तेच म्हटलं होतं.

दुसरा दिवस : बुटीबोरी, जाम, वरोरा, वणी

सकाळी धुकं. जामच्या पुढे ऊन निघालं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर सोंगून ढीग घातलेले, पऱ्हाटीवर उरलासुरला कापूस. वरोऱ्याला चहा घेतला, वर्धा नदी ओलांडली आणि वणीकडे कोळशाचे ट्रक सुरू झाले. इथली झाडंसुद्धा काळपट दिसतात. रस्त्याचं वर्णन याहून जास्त करत नाही, मन भट्टीत होतं.

काकांच्या घरासमोर कडुनिंब आहे, त्याला लागून टिनाची छपरी. छपरीत बाभळीच्या ओंडक्यात रोवलेली ऐरण, मातीची भट्टी आणि हातानं फिरवायचा पंखा. भाता आता आढ्याला टांगून ठेवलाय, कातडं फाटलंय म्हणून. पंखा काकू फिरवतात, घणही त्याच मारतात. मुलगा चंद्रपूरला कंपनीत लागला, तेव्हापासून घण काकूंकडे आला.

पाणी पिऊन झाल्यावर मी माझ्या संग्रहातली एक खरी सुरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी धारेवर अंगठा आडवा फिरवला, मग सुरी उन्हात धरून पाठीकडून पाहिली. सगळे जण नक्षी पाहायला पातं आडवं धरतात, काकांनी पहिल्यांदा पाठ पाहिली. खरी परीक्षा तिथंच असते. बाजूच्या रेघा पाठीवरून वळून दुसऱ्या बाजूला उतरल्या पाहिजेत, कारण थर आरपार असतात.

“हे तं जोडलेलं हाये,” काका म्हणाले. “दोन जातीचे लोखंडं. आमी कुऱ्हाडीले पोलाद घालतो ना, तसंच. यानं फक्त लय वेळा केलं.”

मग उठून त्यांनी कोपऱ्यातली एक जुनी कुऱ्हाड आणली. त्यांच्या वडिलांनी घडवलेली. मऊ लोखंडाच्या तोंडाला चीर देऊन त्यात पोलादाची पट्टी बसवायची, वाळू टाकून तापवायचं आणि घणाखाली एकजीव करायचं. कुऱ्हाड लवचीक राहते, तुटत नाही आणि तोंड मात्र कडक. पात्याच्या कडेला ती जोडाची रेघ अजून दिसत होती, नखाएवढी, वाकडी, किंचित काळी. ती रेघ मी बराच वेळ पाहत राहिलो. ज्या कामाला हजारो रुपये मोजले जातात, ते काम या घरात दोन पिढ्या शे-दोनशे रुपयांच्या कुऱ्हाडीत चाललं होतं.

रात्री भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. जेवताना मी त्यांना दमास्कसची हकीकत सांगितली. ज्या तलवारींमुळे हे नाव पडलं, त्यांचं पोलाद थरांचं नव्हतं, मुशीतलं होतं. दक्षिण भारतात लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालत, त्यात तरवडाचं लाकूड आणि रुईची पानं टाकत, तोंड लिंपून बंद करत आणि तासन्‌तास भट्टीत ठेवत. पाल्याचा कार्बन लोखंडात उतरे, दीड टक्क्याच्या आसपास. हळूहळू निवलेल्या त्या लगडीतून पातं घडवलं की पाण्यासारखी नक्षी आपोआप उमटे. इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटलं.

“कुठंसा होतं हे?” काकूंनी विचारलं.

“लांब नाही काकू. पैनगंगा उतरलं की आदिलाबाद, त्याच्या खाली गोदावरीपलीकडे निजामाबादकडे कोनासमुद्रम नावाचं गाव. तिथं इराणचे व्यापारी पोलाद न्यायला येऊन राहत.”

रुईच्या पानावर काका खूप वेळ थांबले. रुई त्यांच्या धुऱ्यावरच आहे. मग मी फॅरडेबद्दल सांगितलं. विजेवर ज्यानं एवढं मोठं काम केलं त्या मायकेल फॅरडेनं त्याआधी, १८१९ ते १८२२ च्या दरम्यान, लंडनमध्ये आपल्याकडच्या या पोलादावर प्रयोग केले होते. आणि त्याचे वडील लोहार होते.

“खाती?” काका एकदम सरळ होऊन बसले. “खात्याचा पोरगा?”

“हो.”

“मंग त्याले समजलं असंल.”

फॅरडेलाही ते कोडं पूर्ण उलगडलं नव्हतं. वर्होवेन नावाचा धातुशास्त्रज्ञ आणि पेन्ड्रे नावाचा लोहार या दोघा अमेरिकनांनी मिळून ते काम पुढे नेलं. त्या खनिजात असलेला व्हॅनेडियमसारख्या धातूचा किंचितसा अंश नक्षीच्या ओळी जुळवतो, असं त्यांनी १९९८ मध्ये मांडलं. शास्त्रज्ञ आणि लोहार एकाच ऐरणीपाशी उभे राहिले तेव्हा गाठ सुटली, ही गोष्ट मला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

आज बाजारात मिळतं ते थरांचं पोलाद. १९७३ मध्ये बिल मोरन या अमेरिकन कारागिरानं आपल्या थरांच्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि तिथून ही लाट आली. हे पोलाद कमी दर्जाचं मुळीच नाही. पण ते जुनं मुशीचं पोलाद आहे असं सांगून विकू नये, एवढं मी पाळतो.

तिसरा दिवस : लगड फुटली

सकाळी कानशीचा एक तुकडा आणि आऱ्याच्या पट्ट्याचा एक तुकडा घासून फेरिक क्लोराइडच्या पाण्यात टाकले. दहा मिनिटांनी काढले तर कानस काळीभोर आणि पट्टा चांदीसारखा तसाच. म्हणजे पट्ट्यात निकेल होतं, ते या पाण्यात काळं पडत नाही. सगळ्याच आऱ्यांत नसतं, म्हणून ही परीक्षा आधी करावी लागते. काळं आणि पांढरं मिळालं, आता नक्षी दिसणार.

कानशीचे दात घासून काढले, कारण दातांच्या खाचांत मळ राहिला तर जोड धरत नाही. पाच पट्ट्या कानशीच्या, चार आऱ्याच्या, एकाआड एक. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून टोकं टाचून घेतली, एका टोकाला सळई जोडली. भट्टीत वणीचा दगडी कोळसा. लगड लाल झाली तेव्हा सवागी शिंपडली, ती काचेसारखी वितळून पसरली. पिवळी झाली तेव्हा काकांनी सांडशीनं उचलली, काकूंनी घण मारला. पाच घाव, परत भट्टी. चार वेळा.

दुपारी लगड ऐरणीवर उभी करून ठोकली आणि ती वहीसारखी उघडली. आतले थर काळे, एकमेकांना चिकटलेलेच नव्हते. काकू काहीच बोलल्या नाहीत, घण भिंतीला टेकवून आत गेल्या. त्यांच्या तळहातावरचा फोड मी तेव्हा पाहिला.

काकांनी फुटलेला थर नाकाशी नेला.

“कोयसा,” ते म्हणाले. “या कोयशात गंधक हाये. पास शेवटाले चालते, जोडाले नाही. बाबा कुऱ्हाड जोडाले बसत तवा दगडी कोयसा भट्टीतून काढून टाकत. बाभयीचा वापरत.”

पास शेवटणं म्हणजे डवऱ्याचं पातं तापवून, ठोकून त्याला धार काढणं. गंधक जोडाला मारतं हे मी वाचलेलं होतं, पण इथं येऊन ते साफ विसरलो होतो. संध्याकाळी आम्ही दोघं शेजारच्या गावातून बाभळीच्या कोळशाची दोन पोती घेऊन आलो.

चौथा दिवस : एक्क्याऐंशी थर

पहाटे पाचला सुरुवात. काकांनी आदल्या रात्रीच भट्टी पार झाडून काढली होती. काकूंच्या हाताला हळद-तेलाची पट्टी, म्हणून आज घण मी घेतला.

अंधारात तापलेल्या लोखंडाचा रंग नीट ओळखू येतो, म्हणून ही वेळ. काका बोलत नव्हते, लगडीकडेही सरळ पाहत नव्हते, डोळे किलकिले करून जाळाच्या कडेला नजर. तांबडा, नारिंगी, पिवळा. मग लगडीच्या अंगावर सवागी उकळत्या तेलासारखी थरथरायला लागली आणि एक-दोन ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटल्या. “आता,” एवढंच. मारायचं कसं तेही त्यांनी सांगितलं होतं. पहिला घाव मधोमध आणि हलका, मग कडेकडे, म्हणजे आतली वितळलेली सवागी मळासकट बाहेर पडते. जोरात मारलं तर थर सरकतात. पहिल्या घावाला घण वेगळाच वाजला. काल खळखळ होती, आज भरीव, धप्प. काकूंनी पंखा थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही तो आवाज कळला होता.

नऊ थरांची लगड लांब ओढली, तीन तुकडे केले, घासले, एकावर एक ठेवले. सत्तावीस. जेवण झाल्यावर पुन्हा तेच. एक्क्याऐंशी. दर तापवणीला अंगावरून खपल्या गळतात. सकाळी दोन किलोच्या वर असलेलं वजन संध्याकाळी दीडवर आलं होतं. जिथं तिथं पाचशे-सहाशे थरांच्या सुऱ्यांची जाहिरात असते. थर वाढवले की रेघा इतक्या बारीक होतात की नक्षीच पुसट होते. एक्क्याऐंशी मला पुरे होते.

काकांनी त्यातून तीन पात्यांचा माल कापला. एक छोटा तुकडा उरला, तो त्यांनी कोनाड्यात ठेवला.

पाचवा दिवस : पाणी, मूठ, रेघा

पात्याला आकार देणं हे काकांचं रोजचं काम, त्यात मी लुडबुड केली नाही. वाद झाला तो पाणी देण्यावरून, म्हणजे तापलेलं पातं एकदम बुडवून कडक करण्यावरून. ते विळ्याला पाण्यातच बुडवतात. मी म्हटलं, कानशीचं पोलाद फार कडक असतं, तेल वापरू. त्यांनी एक वाया गेलेली पट्टी तापवून पाण्यात घातली. टण्णकन आवाज आला. बाहेर काढली तर कडेला केसासारखी चीर. मग शेंगदाण्याच्या तेलाचा डबा कोमट करून आणला.

मी जुन्या स्पीकरचं चुंबक नेलं होतं. पोलाद साधारण ७७० अंशांवर गेलं की त्याला चुंबक चिकटत नाही. तिथून थोडं पुढे नेऊन बुडवायचं. काका आधी रंग पाहून “झालं” म्हणत, मग मी चुंबक लावत असे. तिन्ही वेळा चुंबक चिकटलं नाही. तिसऱ्यानंतर मी चुंबक खिशात टाकलं. तेलातून काढलेल्या पात्यावर कानस घासली तर घसरून गेली, म्हणजे धार काचेसारखी कडक. तशीच ठेवली तर मोडते, म्हणून पाठ तापल्या सळईवर टेकवून धारेवर गव्हाळ रंग धावेपर्यंत तिचा कडकपणा थोडा उतरवला.

मूठ धावड्याची. कुऱ्हाडीला दांडा घालायचा तर आमच्याकडे धावडाच लागतो. जवसाचं तेल पाजल्यावर लाकडाला मधाचा रंग येतो. संध्याकाळी गावातला एक जण चितळाचं गळून पडलेलं शिंग घेऊन आला, मुठीसाठी. जंगलात सापडलं, कुणी मारलेलं नाही, असं म्हणाला. त्याचं खरंही असेल, पण गळून पडलेल्या शिंगाचासुद्धा व्यापार करता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. बाहेरच्या शौकिनांना शिंगाची मूठ फार आवडते. मला नकोच. त्यालाही ते शिंग वनखात्याकडे जमा कर म्हणून सांगितलं.

पात्याची लांबी सात इंच ठेवली आहे. हत्यार कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांना परवाना लागतो, घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. मी फक्त स्वयंपाकाच्या आणि शेतीच्या सुऱ्या घेतो. कुणी कट्यार मागितली तर सरळ नाही म्हणतो. काका तर आयुष्यात कधी करून देणार नाहीत.

दिवा लावून पहिलं पातं फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडलं. तिघंही भांड्याभोवती उकिडवे बसलो. पाण्यात काही दिसेना. दहा मिनिटांनी काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतलं, बोटानं काजळी पुसली आणि पात्यावर रेघा उभ्या राहिल्या. एक काळी, एक पांढरी. टोकाकडे एकमेकींना चिकटून, मधे जिथं घण जरा तिरपा बसला होता तिथं वळण घेऊन पुन्हा सरळ.

“डवरलेल्या वावरातले तास दिसतेत,” काकू म्हणाल्या.

मग पैशांचं बोलणं. पास शेवटायचे त्यांना चाळीस रुपये मिळतात, विळ्याचे दीडशे. मी सुरीमागे तीन हजार देतो म्हटलं तर काका म्हणाले, “एवढे नाही लागत बाप्पा.” मी हिशेब मांडला. ही सुरी मी साडेचार हजारांना विकणार, त्यातून सामान, पाठवणूक, आणि एखादी परत आली तर ते नुकसान माझं. त्यांचे तीन हजार त्यात बसतात. तिन्ही सुऱ्यांचे नऊ हजार रोख काकूंच्या हातात दिले, कारण निम्मं काम त्यांचं आहे. कोळशाचे वेगळे. अट एकच घातली, मुठीत जाणाऱ्या शेपटीवर नाही, पात्यावर दिसेल अशी काकांची खूण हवी. त्यांच्या वडिलांची एक छिन्नी आहे, तीन टिंबांची. विळ्यांवर कधी मारत नव्हते. ती त्यांनी शोधून काढली.

सहावा दिवस : वणीचा बाजार

मी परत निघायचं ते बाजार करूनच, असं काकूंचं म्हणणं. गोणपाट अंथरून विळे, खुरपी, डवऱ्याच्या पासा मांडल्या. माझी एक सुरी कडेला. लोक विळ्यांपाशी थांबत, सुरी पाहत, किंमत ऐकून पुढे जात. त्यात मला वाईट वाटलं नाही. तीन दिवसांच्या कामाचं मोल ऐकून घाबरायला होतंच, आणि दीडशेचा विळा वावरात याहून जास्त कामाचा आहे.

एक म्हातारीशी शेतकरीण मात्र खाली बसली. सुरी उचलली, पाठ पाहिली, काकांसारखीच.

“हे कोनं केलं?”

“आमीच,” काका म्हणाले.

“रेघा पुसतीन का?”

मी उत्तर द्यायला पुढे झालो, पण काकांनी आधीच चिंधी उचलली. वाळूची चिमूट घेतली आणि पात्याच्या एका कोपऱ्यावर रगडली. रेघा तिथं फिक्या झाल्या. पोटात धस्स झालं. मग त्यांनी बाजूच्या लिंबूवाल्याकडून एक लिंबू घेतलं, चिरून तिथं घासलं आणि सुरी तिच्या समोर ठेवून तिचा विळा धार लावायला घेतला. विळा होईपर्यंत लिंबाच्या आंबटानं रेघा परत वर यायला लागल्या होत्या, बारीक, करड्या. म्हातारीनं विळ्याचे वीस रुपये दिले आणि जाताना पुन्हा एकदा वाकून सुरीकडे पाहिलं.

मी तिन्ही सुऱ्या बांधल्या. एक अमरावतीच्या त्या ताईंना जाणार आहे. मोटरसायकलला किक मारायच्या आधी काकांना विचारलं, कोनाड्यातला तो उरलेला तुकडा द्या, छोटी फळांची सुरी होईल, गिऱ्हाईक आहे.

“तो नाही भाऊ,” काका म्हणाले. “तो हिच्या विळीले.”

काकू गोणपाट झटकत होत्या.